पावसाळा, प्लवक आणि तारली : आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्राचे अन्नजाळे ऋतूप्रमाणे कसे बदलते?

कोडीबागकर (बेळगाव)

नमस्कार मंडळी. मासळीबाजाराच्या धाग्यावर एक प्रश्न आला होता : मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये बेळगावात येणारी तारली कोरडी लागते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास तीच तारली तव्यावर स्वतःच्या तेलातच भाजली जाते, हे कसे? तेथे उत्तर देऊ लागलो तर विषय फार लांबला असता, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. मी कर्नाटक विद्यापीठाच्या कारवार येथील कोडीबागच्या सागरी जीवशास्त्र विभागात शिकलो आणि सध्या बेळगावात शिकवतो.

प्लवक म्हणजे पाण्याच्या प्रवाहाबरोबर वाहत जाणारे जीव. त्यांच्या ऋतुचक्राचे जे चित्र पुस्तकांत बहुधा आढळते, ते उत्तर अटलांटिक महासागराचे असते. तेथे हिवाळ्यातील वादळांनी पाणी खोलवर घुसळले जाऊन पोषकद्रव्ये वर येतात, परंतु प्रकाश अपुरा असल्याने त्यांचा उपयोग होत नाही; वसंतात दिवस मोठा झाला, वरचा थर तापून स्थिरावला, की वनस्पतिप्लवकांना, म्हणजे प्रकाशावर स्वतःचे अन्न बनवणाऱ्या प्लवकांना, एकदम बहर येतो. आपल्या पश्चिम किनाऱ्याला हे चित्र जसेच्या तसे लावता येत नाही. येथे उन्हाला तोटा नाही, तोटा असतो तो नायट्रेट या पोषकद्रव्याचा. एप्रिल-मे महिन्यांत पृष्ठभागाचे पाणी 30 अंश सेल्सियसच्या आसपास तापते, खालच्या थंड पाण्यापासून जणू तुटते आणि त्यातील नायट्रेट जवळजवळ संपून जाते. ज्या काळात अटलांटिकचा समुद्र हिरवा होतो, त्याच काळात आपला समुद्र नितळ आणि उपाशी असतो.

जूनपासून सारे पालटते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो, पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर सरकते आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर चढते. या उपसणीची सुरुवात केरळच्या दक्षिण टोकाकडे होते आणि ती हळूहळू उत्तरेकडे सरकते. कारवार-गोव्यापर्यंत येईतो तिचा जोर कमी झालेला असतो, पण ती पोहोचते. हे पाणी प्रकाशात आले की डायटम वाढू लागतात. डायटम म्हणजे सिलिकेच्या, अर्थात काचेसारख्या कवचात राहणाऱ्या एकपेशीय वनस्पती. त्यांच्यापैकी कॉस्किनोडिस्कस ही प्रजाती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर झाकणाच्या गोल काचेच्या डबीवर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी कोरावी तशी दिसते.

येथे मला जो मुद्दा मांडायचा आहे तो असा, की ऋतूनुसार केवळ प्लवकांचे प्रमाण बदलत नाही, तर अन्न कोणाच्या तोंडून कोणाच्या तोंडात जाते ती वाटच बदलते. पावसाळ्यात आणि त्याच्या लगतच्या महिन्यांत ही वाट आखूड असते : डायटम, त्यांना खाणारे कोपेपॉड (कोळंबीच्या जातकुळीतले अगदी बारीक प्राणी), आणि कोपेपॉडांना खाणारा बांगडा. तारलीची वाट त्याहूनही आखूड, कारण तिच्या कल्ल्यांतील गाळणी इतकी दाट असते की ती कोपेपॉडांबरोबर डायटमही थेट गाळून खाते. 1920च्या दशकात मद्रास प्रांताच्या मत्स्यखात्यातील जेम्स हॉर्नेल आणि त्यांचे सहकारी नायडू यांनी मलबार किनाऱ्यावर तारली आणि प्लवक यांची सांगड घातली. पुढे फ्रॅजिलारिया ओशियानिका हा साखळीने वाढणारा डायटम मुबलक असणे आणि तारलीचे थवे येणे यांचा संबंधही दाखवला गेला.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. पावसाळ्याच्या महिन्यांत तारली अंडी घालते आणि त्यात तिच्या अंगची चरबी खर्ची पडते. अंडी घालून झाल्यावर ती डायटमांच्या बहरावर पोसली जाते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत तिच्या अंगात तेल साठते. ज्या ओमेगा-3 स्निग्धाम्लांसाठी डॉक्टर मासे खायला सांगतात, ती मासा स्वतः फारशी बनवत नाही; त्यांतील ईपीए मुख्यतः डायटमांकडून येते, तर डीएचए बरेचसे डायनोफ्लॅजेलेट या दुसऱ्या एकपेशीय प्लवकांकडून. तव्यावर सुटणारे तेल हे अशा रीतीने पावसाळ्यातल्या डायटमांचेच असते.

मलप्रभाकाठ (खानापूर)

कोडीबागकर, लेख उत्तम आहे, परंतु आमच्या तालुक्यावर आपण अन्याय केला आहे असे वाटते. म्हादई आमच्या देगावजवळ, भीमगडच्या रानात उगम पावते आणि गोव्यात जाऊन मांडवी होते. चोर्ला घाटातून पावसाळ्यात जाताना जे लाल पाणी धो धो खाली उतरताना दिसते, ते रानातली माती, पालापाचोळा आणि शेतातले खत घेऊनच समुद्राला मिळते. आमच्याकडील जुनी माणसे 'घाटावरचा गाळ गेला की खाली मासा माजतो' असे सांगतात. मग समुद्राचे खरे खत खालून येते की वरून?

कोडीबागकर (बेळगाव)

मलप्रभाकाठ, जुन्या माणसांच्या म्हणण्यात तथ्य आहे, मात्र ते खाडीपुरते अधिक आणि उघड्या समुद्रापुरते कमी. किनाऱ्यालगतच्या समुद्राला पावसाळ्यात मिळणाऱ्या नायट्रेटचा मोठा वाटा उपसणीतून, म्हणजे खालून येतो. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील नद्या लांबीने तोकड्या आहेत. नद्यांची देणगी वेगळ्या प्रकारची असते. जांभ्या दगडाच्या आणि खडकांच्या झिजेतून त्या विरघळलेली सिलिका नेतात, आणि सिलिकेविना डायटमला कवच बांधता येत नाही. डायटमांना नायट्रोजन आणि सिलिकॉन साधारण सारख्याच प्रमाणात लागतात. नायट्रोजन मुबलक आणि सिलिका कमी अशी स्थिती आली, तर डायटम मागे पडतात आणि ज्यांना असे कवच लागत नाही अशा फ्लॅजेलेटांचे, म्हणजे शेपटीसारखा तंतू हलवून पोहणाऱ्या एकपेशीय जीवांचे, फावते.

खाडीत मात्र ऐन पावसाळ्यात एक विरोधाभास दिसतो. पोषकद्रव्ये भरपूर असूनही पाणी इतके गढूळ असते, की प्रकाश आत शिरत नाही, आणि पुराच्या वेगाने प्लवक समुद्राकडे लोटले जातात. पावसाने चार-आठ दिवस उघडीप दिली, गाळ खाली बसला, की स्केलेटोनेमा हा कमी क्षारतेतही तग धरणारा डायटम झपाट्याने वाढतो. आपल्याकडे भाताच्या लावणीनंतर जी उघडीप शेतकऱ्याला नकोशी वाटते, ती खाडीतल्या प्लवकांना हवीहवीशी असते.

आपल्या नावाच्या नदीविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जाते, तर तिच्यापासून जवळच पडलेला पाऊस म्हादईच्या पाण्याबरोबर अरबी समुद्रात उतरतो. एकाच तालुक्याचे पाणी दोन समुद्रांना मिळते, आणि त्या दोन समुद्रांत प्लवकांचे नशीब वेगळे आहे. बंगालच्या उपसागरात मोठ्या नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर वर इतका पक्का बसतो, की वाऱ्याला खालचे पाणी ढवळून वर आणणे अवघड जाते. म्हणून तेथील उत्पादन अरबी समुद्राच्या तुलनेने कमी राहते.

वडगावची आक्का (बेळगाव)

माझा प्रश्न साधा आहे. आमच्या बचतगटातर्फे आम्ही पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी घेऊन ठेवतो : सुके बांगडे, सोडे आणि जवळा. कोपेपॉड, डायटम हे सारे डोळ्यांना न दिसणारे आहे असे वाचून वाटते, की प्लवक हा प्रयोगशाळेतलाच विषय असावा. जवळ्याला काय म्हणायचे? तो मासा नाही आणि मोठी कोळंबीही नाही.

कोडीबागकर (बेळगाव)

आक्का, प्रश्न साधा असला तरी नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. जवळा, म्हणजे ॲसिटीस, हा प्राणिप्लवकांतच, म्हणजे प्राणी असलेल्या प्लवकांतच, मोडतो. प्लवक असणे हे आकारावर ठरत नाही. जो जीव प्रवाहाच्या विरुद्ध आपली वाट राखू शकत नाही, तो प्लवक. म्हणूनच हातभर रुंदीचा जेलीफिशही प्लवकच ठरतो. कोळंबी लहानपणी पाण्यात तरंगते आणि मोठी झाल्यावर तळाशी जाते, जवळा मात्र जन्मभर पाण्याच्या थरांतच थव्याने वावरतो आणि डायटम, बारीक प्राणिप्लवक व कुजणारे कण खातो. आपण सुक्या जवळ्याची चटणी करतो, तेव्हा डायटमांपासून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवरचे अन्न खातो. सुरमई खाताना ही पायरी चौथी-पाचवी असते.

घेतलेल्या जवळ्यातला एखादा चांगला अखंड नग कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या बशीत पाहावा. डोळे काळे आणि देठावर उभे असतात, अंगावरचे कवच कागदापेक्षा पातळ असते आणि पुढच्या मिशा शरीराहून लांब असतात; सुकताना त्या बहुधा तुटतात.

चिकोडी_हिशेबी

मी वाणिज्य शाखेचा मनुष्य असल्याने हिशेब करून पाहिला. अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर सुमारे दहा टक्केच पुढे जाते असे शाळेत शिकलो आहोत. त्याप्रमाणे 1000 किलो डायटमांपासून 100 किलो कोपेपॉड आणि त्यांपासून 10 किलो बांगडा होतो. तारलीने डायटम थेट खाल्ले तर 100 किलो तारली. इथवर समजले. परंतु एप्रिल-मेमध्ये नायट्रेटच संपते असे आपण म्हणता. मग त्या महिन्यांत कोपेपॉडांनी उपाशी मरायला हवे आणि जूनमध्ये पुन्हा शून्यातून सुरुवात व्हायला हवी. तसे होते का? होत नसेल तर हिशेबात कोठेतरी उधारी आहे.

कोडीबागकर (बेळगाव)

हिशेबी, आपण अगदी त्याच जागी अडलात जेथे संशोधकही अडले होते. 1960च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर अरबी समुद्राच्या नोंदी जमू लागल्या आणि असे दिसले, की वनस्पतिप्लवकांचे उत्पादन ऋतूप्रमाणे कितीही खालीवर झाले, तरी अरबी समुद्राच्या वरच्या थरातील मोठ्या प्राणिप्लवकांचे वस्तुमान त्या मानाने फारसे बदलत नाही. याला 'अरबी समुद्राचा विरोधाभास' असेच नाव पडले. 1990च्या दशकात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे जे उत्तर मांडले, त्यात आपली उधारी सापडते.

बहराच्या काळात तयार झालेले सारे अन्न त्याच काळात खाल्ले जात नाही. डायटमांच्या पेशींतून सेंद्रिय द्रव्य पाण्यात झिरपते, मेलेल्या पेशी आणि विष्ठेचे कण विरघळतात, आणि त्या विरघळलेल्या मालावर जिवाणू जगतात. जिवाणूंना बारीक फ्लॅजेलेट खातात, फ्लॅजेलेटांना सिलिएट नावाचे त्यांहून मोठे एकपेशीय जीव, आणि सिलिएट हे कोपेपॉडांना पकडता येतील एवढे मोठे असतात. या वाटेला सूक्ष्मजीवांचा फेरा म्हणता येईल. तिची मांडणी 1983 साली फारूक अझाम आणि सहकाऱ्यांनी केली. उन्हाळ्यात नायट्रेट संपल्यावर मोठे डायटम मागे पडतात आणि दोन मायक्रॉनहूनही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान अशा सिनेकोकॉकससारख्या पेशींचे राज्य येते. इतक्या लहान पेशी कोपेपॉडांच्या गाळणीत अडकत नाहीत, म्हणून त्याही याच लांबच्या वाटेने वर येतात.

या वाटेवर पायऱ्या वाढतात. आपल्याच हिशेबाने 1000 किलो सूक्ष्म पेशींपासून 100 किलो फ्लॅजेलेट, 10 किलो सिलिएट, एक किलो कोपेपॉड आणि शेवटी 100 ग्रॅम मासा. वाट खर्चिक आहे, पण ती बंद पडत नाही. दहा टक्के हा आकडाही सोयीचा आहे. सूक्ष्मजीवांच्या पायऱ्यांवर पुढे जाणारा वाटा बऱ्याचदा याहून जास्त असतो, त्यामुळे प्रत्यक्षातला तोटा आपल्या हिशेबाइतका भयंकर नसतो.

उन्हाळ्यात आणखी एक सावकार येतो : ट्रायकोडेस्मियम. ही तंतुमय निळी-हिरवी शेवाळे हवेतील नायट्रोजन बांधून घेऊ शकते, त्यामुळे नायट्रेट नसलेल्या पाण्यात तिचेच फावते. फेब्रुवारी ते मे या काळात, वारा पडलेला असताना, कारवार-गोव्याच्या किनाऱ्यासमोर तिचे पट्टे दिसतात. लाकूड कापताना पडणारा भुसा पाण्यावर पसरावा तसे ते पिवळट-तपकिरी रंगाचे असतात. कोडीबागला असताना अशा पाण्याची बाटली आम्ही उन्हात ठेवून विसरलो होतो, आणि झाकण उघडल्यावर सुटलेल्या वासाने वर्गातल्या निम्म्या मुलांनी बाहेर धूम ठोकली. तिला थेट खाणारे प्राणी थोडे आहेत. तिने बांधलेला नायट्रोजन मुख्यतः ती कुजल्यावर इतरांच्या कामी येतो.

जूनमधील सुरुवात शून्यातून होते का, याचे उत्तर तळाच्या चिखलात आहे. अनेक डायटम प्रतिकूल काळात जाड कवचाचे बीजाणू करून तळाशी जातात, डायनोफ्लॅजेलेट कोष करतात आणि काही कोपेपॉड विश्रांतीची अंडी घालतात. पावसाळ्याच्या लाटांनी चिखल ढवळला गेला, की ही बियाणी पुन्हा पाण्यात येतात.

निपाणी_वाचक

वेंगुर्ल्याला रात्री लाटा निळ्या चमकताना पाहिल्या आहेत. तेही प्लवकच का? आणि अशा पाण्यातले मासे खावेत का?

कोडीबागकर (बेळगाव)

होय, बहुतेक वेळा ती नॉक्टिल्युका असते. ती डायनोफ्लॅजेलेट असूनही आपल्या किनाऱ्यावरचा तिचा लाल प्रकार स्वतः अन्न तयार करत नाही. डायटम आणि कोपेपॉडांची अंडीसुद्धा गिळते. म्हणून ती पावसाळी बहराच्या मागोमाग येते, आणि ज्या डायटमांवर कोपेपॉड पोसले जायचे ते तिच्या पोटात गेल्याने माशांकडे जाणारी आखूड वाट मध्येच फुटते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात दिसणाऱ्या हिरव्या नॉक्टिल्युकेच्या पेशीत मात्र हिरवे सहजीवी राहतात आणि तिला अन्न पुरवतात. नॉक्टिल्युकेचे मोठे थर कुजले, की अमोनिया वाढून आणि प्राणवायू घटून मासे मरतात. बाजारातल्या ताज्या माशाला त्यामुळे धोका नाही. किनाऱ्यावर मरून पडलेला मासा मात्र कोणत्याच कारणाने उचलू नये.

मलप्रभाकाठ (खानापूर)

कोडीबागकर, प्राणवायूचा उल्लेख आलाच आहे म्हणून विचारतो. माझे मामेभाऊ कारवारला आहेत. ते म्हणतात, की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाला जाळे ओढणाऱ्यांना काही ठिकाणी काहीच मिळत नाही आणि त्याच वेळी किनाऱ्याच्या अगदी जवळ कोळंबी सापडते. बहराच्या मागोमाग असे का व्हावे? दुसरे असे, की म्हादईला मिळणाऱ्या कळसा-भांडुरा या ओढ्यांचे पाणी मलप्रभेकडे वळवले, तर खाडीतल्या प्लवकांवर काही परिणाम होईल का? राजकारण नको, केवळ शास्त्र सांगावे.

कोडीबागकर (बेळगाव)

आपल्या मामेभावांचे निरीक्षण शास्त्राशी जुळते. उपसणीने वर येणारे पाणी मुळातच प्राणवायूने गरीब असते, कारण अरबी समुद्राच्या मधल्या थरात प्राणवायूची प्रचंड टंचाई आहे. ते उथळ पाण्यात चढते, आणि त्याच वेळी नद्यांचे व पावसाचे गोडे पाणी वर हलक्या थराने पसरून झाकणाचे काम करते, त्यामुळे वाऱ्याचा प्राणवायू खाली जात नाही. वर डायटमांचा बहर असतो. त्यातले न खाल्लेले उरते ते तळाशी पडून कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही संपवते. लिटरमागे दोन मिलिग्रॅमहून कमी प्राणवायू राहिला, की तळाचे बहुतेक मासे आणि कोळंबी तेथून निघून जातात. कोळंबी किनाऱ्याकडे दाटते ती याच कारणाने. गोवा-कारवारच्या समोर काही वर्षी तळाच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइडही आढळला आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात कांदोळीसमोरच्या एका ठरावीक ठिकाणी वर्षानुवर्षे नमुने घेत आली आहे, आणि दरवर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात ही टंचाई येऊन नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत, प्रवाह उत्तरेकडे उलटल्यावर, ती ओसरते असे त्या नोंदींत दिसते.

म्हणजे ज्या उपसणीने तारली पोसली जाते तीच तळाचा श्वास कोंडते. बहर जितका मोठा तितकी मासळी जास्त, असा सरळ हिशेब म्हणूनच येथे करता येत नाही.

पाणी वळवण्याबाबत जे अन्यत्र मोजले गेले आहे तेच सांगतो. डॅन्यूब नदीवर 1970च्या दशकाच्या सुरुवातीला 'आयर्न गेट्स' हे धरण झाले. धरणाच्या साठलेल्या पाण्यात गोड्या पाण्यातले डायटम वाढतात, सिलिका वापरून तळाशी बसतात, आणि नदी समुद्राला मिळते तेव्हा तिच्यातील सिलिका घटलेली असते. काळ्या समुद्रात त्यानंतर डायटमांच्या तुलनेने सिलिका न लागणाऱ्या प्लवकांचे बहर वाढल्याचे 1997 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडले गेले. म्हादईचे प्रमाण डॅन्यूबच्या मानाने फारच लहान आहे आणि उघड्या समुद्रावर उपसणीचीच सत्ता राहील. परिणाम पाहायचा तर तो खाडीत पाहावा लागेल, आणि विशेषतः पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत, जेव्हा नदीचा प्रवाह रोडावतो आणि खारे पाणी आत चढते. तेथे थोडा फरकही गोड्या पाण्यातले प्लवक कोठपर्यंत आणि खाऱ्यातले कोठून, ही सीमा सरकवू शकतो.

संचालक

कळसा-भांडुरासंबंधी दोन प्रतिसाद विषयांतरामुळे काढले आहेत. कृपया प्लवकांपुरतेच लिहावे.

मास्तर_नंदगड

मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. मुलांना हे प्रत्यक्ष दाखवता येईल का? महागडी साधने आमच्याकडे नाहीत. शाळेत एक बरा सूक्ष्मदर्शक आहे.

कोडीबागकर (बेळगाव)

मास्तर, अवश्य येईल. प्लवकजाळी घरी शिवता येते. प्रयोगशाळेत प्राणिप्लवकांसाठी साधारण 200 मायक्रॉन छिद्रांचे कापड वापरतात. छापखान्यात स्क्रीन प्रिंटिंगसाठी मिळणारे बारीक नायलॉनचे कापड चालते. तारेच्या कड्याला ते शंकूसारखे शिवावे, टोकाला प्लॅस्टिकची लहान बाटली घट्ट बांधावी आणि जेट्टीवरून दोरीने हळूहळू ओढावे. पावसाळ्यात मुलांना पाण्याजवळ नेऊ नये. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सोयीचा, समुद्र शांत आणि प्लवक भरपूर. नमुना तीन-चार तासांच्या आत पाहावा, कारण घाट चढून खानापूरपर्यंत येईतो बंद बाटलीतले कोपेपॉड मरून तळाशी बसतात. शक्य असेल तर सूक्ष्मदर्शकच सोबत न्यावा. कोपेपॉड झटके देत पळतो, म्हणून काचपट्टीवर थेंबाबरोबर कापसाचे दोन-चार धागे ठेवावेत, म्हणजे तो त्यांत अडकून थोडा स्थिर राहतो. मग डोक्याच्या मधोमध त्याचा एकुलता एक लाल डोळा स्पष्ट दिसतो. तोच नमुना मेच्या पहिल्या आठवड्यात, सुट्टीत कोणी गोव्याला जाणार असेल त्याच्याकडून पुन्हा आणवला आणि दोन्हींतील डायटम शेजारी शेजारी मोजले, तर या धाग्यातले निम्मे स्पष्टीकरण मुलांना माझ्याशिवाय समजेल.

मास्तर_नंदगड

आभारी आहे. स्क्रीन प्रिंटिंगचे कापड बेळगावात मिळते. कितव्या नंबरचे मागायचे तेवढे सांगावे.

कोडीबागकर (बेळगाव)

दुकानात नंबर म्हणजे एका इंचातील किंवा एका सेंटीमीटरमधील धाग्यांची संख्या असते, त्यामुळे आधी ते कोणते मोजमाप वापरतात हे विचारून घ्यावे. सेंटीमीटरला तीस-पस्तीस धागे असलेले कापड प्राणिप्लवकांना योग्य. डायटमांसाठी त्याहून बरेच दाट, सेंटीमीटरला शंभराच्या पुढचे घ्यावे. मात्र ते लवकर तुंबते, म्हणून अंतर कमी ओढावे.